एक फेज गेल्यावर

मोटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला मोटर कळते, हे मी आयुष्यातली बरीच वर्षं मानत नव्हतो. त्याला ती उघडता येते, भरता येते, पुन्हा बसवता येते, एवढंच माझ्या लेखी होतं. हे मत मी कुणाला तोंडावर बोलून दाखवलं नाही. पण तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलचे विषय शिकवताना आणि तोंडी परीक्षा घेताना ते माझ्या हातून गुणांच्या रकान्यात उतरत होतं. समीकरण मांडता आलं तर समज, नाही आलं तर नुसती सवय, अशी वाटणी मी कधीच करून टाकली होती. मिस्त्री सवयीच्या बाजूला आणि मी समजेच्या.

हे सगळं मी इचलकरंजीत राहून करत होतो, याचं जास्त वाईट वाटतं. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली इथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून हे गाव मागांवर जगतंय. माग बंद राहणं कुणाला परवडत नाही; मोटर जळली की ती शक्यतो त्याच दिवशी भरून हवी असते. म्हणून रिवाइंडिंगची दुकानं जागोजागी. दारात उघड्या पडलेल्या मोटरी, आत तांब्याच्या तारेची रिळं, स्लॉटमध्ये कागद सरकवत बसलेली पोरं, वार्निशचा नाकात शिरणारा वास. माझ्या विषयाची एवढी मोठी प्रयोगशाळा माझ्या कॉलेजच्या वाटेवर होती आणि मी एकाही बॅचला तिथे घेऊन गेलो नाही. तिथे बघण्यासारखं काही असेल, हे मनातच आलं नाही.

असं का, हे शोधायला गेलो की वडिलांपर्यंत पोचतो. ते एका शेडमध्ये जॉबर होते. माग बिघडला की त्याच्या पोटात हात घालून तो चालू करून देणारा माणूस. घरी आले की रॉकेलने हात धुवायचे, तरी नखांतलं काळं जायचं नाही. "तू टेबलावरचं काम कर," एवढंच त्यांचं मागणं होतं. ते मी पुरं केलं. पण ते करता करता त्यांचं काम खालचं असंही ठरवून टाकलं, आणि हे काही त्यांनी मला शिकवलं नव्हतं. ती भर माझी. मागाचा आवाज ऐकून कुठला भाग ढिला झालाय हे ते शेडच्या दारातून सांगायचे. मी ते लहानपणी कितीदा पाहिलं होतं, आणि त्याला ज्ञान म्हणायचं मला सुचलं नाही.

सायकलला मोटर बसवायचं माझ्या डोक्यात आलं तेव्हा गुडघे बोलायला लागले होते. तयार गाडी विकत मिळाली असती, पण मला ती स्वतःच्या हाताने बांधायची होती. मागच्या चाकाच्या हबमध्येच बसणारी, गिअर नसलेली 36 व्होल्टची मोटर घेतली, 250 वॉटची. वॉट आणि वेग या मर्यादेत, म्हणजे वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत ठेवला, तर नियमांच्या दृष्टीने अशी गाडी सायकलच राहते, तिची नोंदणी करावी लागत नाही. लिथियमचा पॅक पूर्ण भरला की 42 व्होल्ट दाखवायचा. सीटखाली कंट्रोलरचा डबा, आणि त्यातून बाहेर पडणारा वायरींचा झुपका: बॅटरीच्या दोन जाड, मोटरच्या तीन जाड, हॉल सेन्सरच्या पाच बारीक, थ्रॉटलच्या तीन, ब्रेकच्या वेगळ्या.

या पाच बारीक वायरींबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. अशा मोटरीत ब्रश नसतात. कुठल्या क्षणी कुठल्या कॉइलला करंट द्यायचा हे कंट्रोलर ठरवतो, आणि त्यासाठी चाकातली चुंबकं या घडीला कुठे आहेत हे त्याला कळावं लागतं. ते सांगायला मोटरीच्या आत तीन छोटे हॉल सेन्सर चिकटवलेले असतात. लाल वायरीतून त्यांना पाच व्होल्ट मिळतात, काळी ग्राउंडची, आणि पिवळी, हिरवी, निळी या तीन वायरी तिघांचे निरोप घेऊन येतात. एडविन हॉलने 1879 साली सोन्याच्या पातळ वर्खावर हा परिणाम कसा दाखवून दिला, हे मी दर वर्षी रंगवून सांगायचो. हॉल सेन्सर हातात मात्र धरला तो या सायकलमुळे, पहिल्यांदा.

गाडी छान चालली. मी तिच्यावर खूश होतो आणि ते दाखवतही होतो. मग पावसाळा आला, आणि एका सकाळी थांबलेली गाडी पुन्हा निघेना. थ्रॉटल पिळला की मोटर गुरगुरायची, चाक जागच्या जागी थरथरायचं आणि तिथेच राहायचं. पॅडल मारून थोडा वेग दिला तर मात्र धरायची आणि गचके देत चालायची.

पाणी कंट्रोलरमध्ये गेलं, असं मी ठरवलं. ठरवलं, तपासलं नाही. घरात चांगला मल्टीमीटर होता, तो खणातून काढलासुद्धा नाही. नवा कंट्रोलर मागवला, रंगाला रंग जोडला, थ्रॉटल पिळला. तीच गुरगुर, तीच थरथर.

डबा बदलून तक्रार तीच राहिली, तर तक्रार डब्यात नव्हती. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला हे सुचलं नसतं तर मी त्याचे गुण कापले असते. मला ते सुचलं नाही, कारण माझ्या निदानावर माझा पुरता विश्वास होता, आणि तो विश्वास पदवीतून आलेला होता, मोजण्यातून नव्हे. मी संशय घेतला तो रंगांवर. आपल्याकडच्या थ्री-फेजमध्ये लाल, पिवळा, निळा; इथे पिवळा, हिरवा, निळा. घरच्या वायरिंगमध्ये हिरवी वायर अर्थिंगची; इथे तीच फेज. तेव्हा नव्या डब्याचे रंग मोटरीच्या रंगांशी जुळत नसणार, असा तर्क मी काढला. तीन जाड वायरी सहा प्रकारे जोडता येतात, तीन बारीक सहा प्रकारे. एकूण 36 जोडण्या. त्यांतल्या फक्त सहा नीट चालतात, तीन पुढे आणि तीन उलट दिशेने. बाकीच्यांत मोटर अडते, थरथरते, किंवा फिरते पण भलताच करंट ओढते. हे सगळं मला ठाऊक होतं. मी पट्टीने रेघा ओढून तक्ता केला आणि एकेक जोडणी करून बघत सुटलो.

तो तक्ता अजून माझ्याकडे आहे. फार नेटका आहे. पण नेटक्या चौकटीत लिहिलेला अंदाज हा अंदाजच असतो. ज्याला मी इतकी वर्षं मिस्त्रीगिरी म्हणत आलो, की हे काढून ते लावून बघ, चाललं तर चाललं, ती मी स्वतः करत होतो, आणि तिला पद्धत म्हणत होतो.

एका जोडणीत अधांतरी धरलेलं चाक हाताने धक्का दिल्यावर बऱ्यापैकी फिरलं. मी तीच खरी मानली आणि गाडी रस्त्यावर काढली. नदीकडून वर येताना चढ लागला, थ्रॉटल पूर्ण पिळला, आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. गाडी बंद पडली. उतरून ढकलायला लागलो तर चाक जड. बॅटरी काढली तरी जड. बेअरिंगमध्ये पाणी जाऊन गंज चढला असणार, असं मी लगेच ठरवलं. इतकं होऊनही ठरवायची सवय जात नव्हती.

बेअरिंग बदलायचं तर हब उघडावा लागतो, चुंबकांमुळे झाकण सुटत नाही, त्याला पुलर लागतो. म्हणून मी कॉलेजच्या वाटेवरच्या एका रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो. गाडी दारात लावली आणि मिस्त्रींना म्हणालो, "बेअरिंग बदलून ठेवा. संध्याकाळी येतो." काय झालंय ते बघा, असं म्हणालो नाही. ते सांगायला मी आहे, असा त्यात अर्थ होता.

मिस्त्री हातातली मोटर बाजूला ठेवून उठले. माझ्याच वयाचे असतील. त्यांनी गाडी स्टँडवर घेतली आणि मागचं चाक धरून फिरवलं. मग पुन्हा फिरवलं, अगदी हळू. मग जोरात. मग परत हळू. मी निघायच्या बेतात उभा होतो.

"सर, हे बेअरिंग न्हाई," ते म्हणाले. "हळू फिरवलं की सोडतंय, जोरात फिरवलं की धरतंय. बेअरिंग धरलं की हळू काय अन् जोरात काय, सारखंच धरतंय."

त्यांनी खाली वाकून मोटरच्या तीन जाड वायरींचे कनेक्टर एकेक करून ओढून सुटे केले आणि चाकाला एक फटका दिला. चाक फिरत राहिलं. आवाज नाही, अडथळा नाही. "मोटर बरी हाय. डबा गेलाय तुमचा."

मी चाक थांबवलं, वायरी परत जोडल्या आणि स्वतः फिरवून पाहिलं. हळू फिरवताना हाताला जवळजवळ काही लागत नव्हतं. वेग वाढवला की आतून कुणीतरी उलट ओढायला लागायचं, जितका वेग तितकी ओढ जास्त. वायरी काढल्या की ती ओढ नाहीशी. मी हे किती वेळ करत होतो, मला सांगता येणार नाही. मिस्त्री काही बोलले नाहीत.

कारण हे मला येत होतं. हाइनरिख लेंझने 1834 साली मांडलेला नियम, की चुंबक हलल्याने तारेत जो करंट उपजतो तो त्या हलण्यालाच विरोध करतो. माझ्या डब्यातले ट्रान्झिस्टर जळून आरपार झाले होते, त्यामुळे मोटरीच्या वायरी आतल्या आत एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या. चाक फिरवलं की कॉइलमध्ये करंट उपजत होता आणि तोच चाकाला धरत होता. हा नियम मी एवढी वर्षं फळ्यावर लिहीत आलो, त्यातलं उणे चिन्ह विसरणाऱ्यांना रागावत आलो. तोच नियम नदीपासून दुकानापर्यंत माझ्या दोन्ही हातांना लागत होता, आणि मी त्याला गंज म्हणत होतो.

माझं काय चुकलं, यापेक्षा एक वेगळी गोष्ट मला तिथे खटकली. मिस्त्रींनी अंदाज केला नव्हता. हाताला बरोबर कळतं, अनुभव असतो, असं म्हणून मी ते बाजूला ठेवू शकलो असतो; अशी स्तुती मी पूर्वी पुष्कळदा केली आहे आणि तीही एक प्रकारे खाली ढकलणंच असतं. त्यांनी दोन शक्यता समोर ठेवल्या होत्या, दोन्हींत जी गोष्ट वेगळी दिसायला हवी ती शोधली होती, आणि तेवढीच करून पाहिली होती. मी माझ्या विद्यार्थ्यांना विचार करायला शिकवतो असं म्हणायचो, तो विचार हा होता. तो माझ्यासमोर रॉकेलच्या हातांनी केला गेला.

"पहिल्यांदा काय झालं हुतं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं: गुरगुरायची, निघायची नाही, ढकललं की चालायची.

"म्हणजे एक फेज गेलेल्या मागाच्या मोटरीगत."

हे वाक्य ऐकल्यावर मला एक मुलगा आठवला. आयटीआय करून आमच्याकडे थेट दुसऱ्या वर्षाला आलेला, घरी मागच. तोंडी परीक्षेत मी त्याला विचारलं होतं, थ्री-फेज मोटरची एक फेज गेली तर काय होईल? तो म्हणाला होता, "सर, गुंगुं करते. निघत नाही. ढकलली तर फिरते, पण तापते." मी म्हणालो होतो, "गुंगुं म्हणजे काय? सुरुवातीचा टॉर्क शून्य का होतो ते सांग." त्याला ते मांडता आलं नाही. बाहेरून आलेले परीक्षक हसले, त्यांच्याबरोबर मीही हसलो, आणि मी त्याला काठावर पास केलं.

त्याच्या उत्तरातला शब्द न् शब्द खरा होता. मोटर गुंगुंच करते, थांबलेली असेल तर निघत नाही, फिरवून दिली तर फिरत राहते, आणि उरलेल्या दोन फेजवर भार येऊन ती तापते. मागाच्या किती मोटरी अशाच जळतात. त्याने हे ऐकलं होतं, हात लावून पाहिलं होतं. त्याने मला अर्धं उत्तर दिलं होतं आणि उरलेलं अर्धं त्याच्याकडून काढून घेणं हे माझं काम होतं. त्यासाठी आणखी एक प्रश्न विचारावा लागला असता. मी हसलो. त्या हसण्याची मला आज जितकी लाज वाटते तितकी जळलेल्या कंट्रोलरची वाटत नाही. आणि त्याचं उत्तर मी कानाआड केलं नसतं, तर माझी गाडी गुरगुरायला लागली त्याच सकाळी मला कळलं असतं की तिघांपैकी एक गप्प झालाय.

तसंच झालं होतं. मिस्त्रींनी माझ्याकडून घरी पडलेला जुना कंट्रोलर मागवून घेतला. मीटर डायोडवर लावून त्याच्या तिन्ही जाड वायरींचं माप बॅटरीच्या दोन्ही वायरींशी घेतलं; सगळे आकडे सारखे आले. नव्यावर मात्र पिवळ्या वायरीला मीटर ओरडला. जुना डबा पहिल्यापासून धडधाकट होता. तो फडताळात टाकून मी नवा जाळला होता.

मग त्यांनी जाड वायरी सुट्याच ठेवून फक्त बारीक वायरींचा कनेक्टर जुन्या डब्याला लावला. मीटरची काळी सुई काळ्या वायरीला, लाल सुई कनेक्टरच्या मागून पिवळीला, आणि चाक बोटाबोटाने पुढे सरकवायला लागले. पाच. शून्य. पाच. शून्य. जिथे आकडा बदलेल तिथे टायरवर खडूची एक रेघ. मग हिरवी, तिच्या रेघा जरा खाली. मग निळी. पाच. पाच. पाच. चाक कितीही फिरवा, पाचच.

"निळी गप्प हाय. आन् हे बघा, हिथं तिन्ही एकदम पाच आल्यात. असं कधी येत न्हाई, सर. तिघांत एक तरी फुटीर असतोयच."

मी खडूच्या रेघांकडे बघत राहिलो. तीन सेन्सरांच्या आठ शक्यतांपैकी दोन, तिन्ही शून्य आणि तिन्ही एक, या मोटरीत कधी घडत नाहीत, हे पुस्तकातल्या तक्त्यात दिलेलं असतं. मिस्त्रींनी तो तक्ता पाहिलेला नव्हता. इलेक्ट्रिक रिक्षांच्या मोटरी दुकानात यायला लागल्यापासून त्यांनी चाकं फिरवून, रेघा मारून तो स्वतः काढला होता. मुळात तो असाच कुणीतरी काढलेला असणार.

सेन्सर मेलाय की वायर तुटलीय, हा पुढचा प्रश्न त्यांनीच स्वतःला मोठ्याने विचारला. एका हाताने मीटर धरून दुसऱ्या हाताने एक्सलमधून बाहेर येणारी केबल हलवली. निळीचा पाच लटपटला, शून्य झाला, परत पाच. वायरच. मग नट सैल करून त्यांनी मला एक्सल बसते ती खाच दाखवली. लोखंड घासून चकाकत होतं. मोटर ज्या जोराने चाक पुढे ढकलते त्याच जोराने एक्सल मागे फिरायला बघतो. तो फिरू नये म्हणून खाचेत अडकणारे खास वॉशर येतात. ते मी बसवले होते, पण उलट तोंड करून. एक्सल थोडा थोडा फिरत राहिला, आणि केबल त्याच्या कडेवर पिळत पिळत कापली गेली. पावसाचा संबंध नव्हता.

मी जोडलेले रंग पहिल्यापासून बरोबर होते. नवा डबा आल्यावर रंगाला रंग लावला तीच खरी जोडणी होती, आणि एक वायर तुटलेली असताना त्या 36 पैकी एकही नीट चालणं शक्य नव्हतं. "आधी काय बदलायचं न्हाई," मिस्त्री म्हणाले. "आधी हाय तसं बघायचं. बदललं की पुरावा जातोय." हे मला उद्देशून नव्हतं. ते शेजारी बसलेल्या पोराला सांगत होते.

हब उघडून केबल बदलली. एक्सलला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली. बॅटरी थेट न लावता मिस्त्रींनी मध्ये ट्रकचे 24 व्होल्टचे दोन बल्ब एकापुढे एक जोडले. आत कुठे शॉर्ट असता तर बल्ब पेटून राहिले असते आणि डबा वाचला असता. बल्ब क्षणभर उजळले, कंट्रोलरमधले कपॅसिटर भरले तसे विझले. मगच त्यांनी बॅटरी थेट दिली. हा सिरीज दिवा. विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकेत मोटर तपासायचं साधन म्हणून तो लिहिला की मी त्यावर काट मारायचो आणि समासात 'मेगर' लिहायचो. मेगर इन्सुलेशन मोजायला हवाच, त्यात मी आजही बदल करणार नाही. पण या दिव्याने जे काम केलं ते मेगरचं नव्हतंच, आणि तो माझ्याकडे असता तर चढावरचा तो वास आला नसता.

गाडी चालू झाल्यावर मी पैसे द्यायला लागलो तेव्हा मिस्त्री म्हणाले, "सर, एक इचारू? हे वायरी जोडल्यावर चाक जड का हुतंय? बघतोय रोज. पण का, ते कुणी सांगितलं न्हाई."

मी सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला अडलो. फळा नव्हता, चिन्हं नव्हती, आणि त्यांच्याशिवाय मला ते बोलताच येत नव्हतं. मग आम्ही बाकावरची एक सुटी हब मोटर घेतली. दोन वायरी जोडून फिरवली, मग तिन्ही जोडून फिरवली. मग दोन वायरींच्या मध्ये एक छोटा बल्ब लावून फिरवली. बल्ब लागला आणि तेवढ्यापुरती मोटर हाताला जड झाली. मिस्त्रींनी बल्ब काढला, लावला, परत काढला. "म्हणजे दिवा माझ्या हातावर जळतोय," ते म्हणाले. "आन् शॉर्टला दिवा न्हाई, मग ती ताकद तारंतच जळती. तापती म्हणून." मी होय म्हणालो. हे इतकं स्वच्छ मी कुठल्याही वर्गात सांगितलेलं नव्हतं.

मी पुरता बदललो असं म्हणायचं धाडस होत नाही. मिस्त्री व्होल्टला करंट म्हणतात तेव्हा आजही माझी जीभ दुरुस्तीला सरसावते. समीकरणांवरचा माझा विश्वास कमी झालेला नाही. ती नसती तर त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं. मी टाकून दिली ती ती जुनी वाटणी. त्यांना कॉलेजात बोलायला बोलावलं तर ते आले नाहीत. "मला उभं राहून बोलाय येत न्हाई, पोरांनाच हिकडं पाठवा," म्हणाले. आता माझ्या बॅचेस तिकडे जातात. आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्यांना हे पटत नाही. तोंडी परीक्षेत 'गुंगुं'ला गुण द्यायला लागलो तर पदविका आणि आयटीआय यांत फरक काय राहिला, असं ते विचारतात. आमचा वाद चालू आहे.

अलीकडच्या तोंडी परीक्षेत मी एका मुलीला तोच जुना प्रश्न विचारला. एक फेज गेली तर? तिने धडाधड सांगितलं: मोटर हमिंग साउंड करते, स्टार्टिंग टॉर्क शून्य, दोन उलट फिरणारी क्षेत्रं. सगळं बरोबर. तो आवाज ऐकलायस का, असं विचारलं तर ती गप्प झाली. परीक्षा थांबवून आम्ही प्रयोगशाळेत गेलो. भार नसलेल्या मोटरचा एक फ्यूज काढला आणि क्षणभर स्विच दिला. ती गुंगुं करत जागेवर उभी राहिली. लगेच बंद केली. मग पुलीला दोरी गुंडाळून ओढली, स्विच दिला, मोटर धरून फिरायला लागली. मुलगी म्हणाली, "सर, उलट्या बाजूने ओढली तर?" मी म्हणालो, उलटी फिरेल. "बघूया?" तिने दोरी उलटी गुंडाळली आणि ओढली. मोटर उलटी धावायला लागली. जे मी हजारो मुलांना सांगत आलो होतो, ते माझ्याही डोळ्यांसमोर पहिल्यांदाच घडत होतं, आणि मी तिला तसं सांगितलं.